शिडी, झोका आणि मैदान : बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या व्यायामाचा इतिहास

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा इतिहास बहुधा बुद्धिमापन चाचण्यांचा, कायद्यांचा आणि संस्थांच्या स्थापनेचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि त्यात व्यायामाच्या वाट्याला एखादा परिच्छेद आला तरी पुष्कळ. वस्तुतः या शिक्षणाचा आरंभच व्यायामापासून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमधील ज्या मुलांना शिकवण्यात अर्थ नाही असे मानून वेड्यांच्या इस्पितळात ठेवले जाई, त्यांच्या अभ्यासक्रमाची पहिली पायरी अक्षर किंवा अंक ही नव्हती. पाय घट्ट रोवून उभे राहणे, तोल सावरणे आणि हातात दिलेली वस्तू धरून ठेवणे ही होती. मात्र या मुलांना व्यायाम द्यायचा तो कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर पुढील सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलले. प्रथम तो बुद्धी जागवण्याचे साधन म्हणून दिला गेला, नंतर आज्ञाधारक मजूर घडवण्याचे साधन म्हणून. धावण्याखेळण्याचा आनंद हा त्या मुलाचा स्वतःचा हक्क आहे, हे मान्य व्हायला फार उशीर झाला, आणि त्या विलंबाने मुलांच्या शरीराची जी हानी केली तीच पुढे त्यांच्या अक्षमतेचे लक्षण म्हणून नोंदली गेली.

या परंपरेचा उगम झाँ इतार या फ्रेंच वैद्याकडे जातो. दक्षिण फ्रान्समधील आव्हेराँ प्रांतातील रानात सापडलेला आणि १८०० साली पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणलेला मुलगा, ज्याचे नाव पुढे व्हिक्टर ठेवले गेले, त्याला इतार यांनी सुमारे पाच वर्षे शिकवले. स्पर्श, उष्णता, चव, दृष्टी आणि ध्वनी यांच्या क्रमवार सरावातून मन घडवता येते, असा त्यांचा विश्वास होता. व्हिक्टरला बोलणे जमले नाही, त्यामुळे इतार निराश झाले. परंतु आयुष्याच्या अखेरीस, १८३७ च्या सुमारास, आजारपणामुळे स्वतः हाती घेता न आलेले एक मूल त्यांनी एदुआर सेगँ या पंचविशीतील तरुणाकडे सोपवले. सेगँ यांचा जन्म १८१२ साली क्लामसी या गावी एका डॉक्टरच्या घरी झाला होता. सँ-सिमाँ यांच्या समाजवादी विचारांचा, म्हणजे समाजाने आपल्या सर्वांत दुबळ्या घटकाच्या उन्नतीसाठी झटले पाहिजे या शिकवणीचा, त्यांच्यावर खोल संस्कार होता, आणि त्यांच्या पुढील कामाचे बळ वैद्यकाइतकेच या श्रद्धेत होते.

त्या काळी मनोविकारांचे सर्वमान्य अधिकारी असलेले एस्किरोल यांनी बौद्धिक अक्षमता हा आजार नसून ती एक स्थायी अवस्था आहे, म्हणून तिच्यावर उपचार संभवत नाही, असे मत मांडले होते. तेव्हाच्या वैद्यकीय ग्रंथांत या अवस्थेसाठी जे शब्द वापरले जात ते आज शिवी मानले जातात. सेगँ यांच्या ग्रंथांच्या शीर्षकांतही तेच आहेत. सेगँ यांनी एस्किरोल यांच्या मताचा पूर्वार्ध स्वीकारला आणि उत्तरार्ध नाकारला. त्यांच्या मते या मुलांत दुबळी असते ती मज्जासंस्था आणि तिच्याबरोबर इच्छाशक्ती. आणि मज्जासंस्थेपर्यंत पोहोचण्याचा उघडा मार्ग स्नायू व ज्ञानेंद्रिये यांच्यातून जातो. म्हणून त्यांनी शिक्षणाचा क्रम असा बांधला, की आधी हालचाल, मग इंद्रिये, मग कल्पना आणि शेवटी स्वतःच्या इच्छेने केलेली कृती. या पद्धतीला त्यांनी ‘शरीरक्रियात्मक पद्धती’ असे नाव दिले.

या पद्धतीतील व्यायाम कसा होता हे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण कारक कौशल्याची आजची कल्पना त्यात बीजरूपाने आहे. कारक कौशल्य म्हणजे मेंदू, मज्जातंतू आणि स्नायू यांच्या मेळातून घडणारी व सरावाने सफाईदार होत जाणारी हालचाल. चालणे, उडी मारणे, चेंडू झेलणे यांसारखी सबंध शरीराची कौशल्ये स्थूल कारक समजली जातात, तर गुंडी लावणे, मणी ओवणे, पेन्सिल धरणे यांसारखी बोटांची कौशल्ये सूक्ष्म कारक. सेगँ यांनी हालचालीआधी स्थिरता शिकवली. सतत डोलणारे, हात झटकणारे मूल आधी क्षणभर तरी स्वस्थ उभे राहिले पाहिजे, कारण ज्याला थांबता येते त्यालाच हेतूपूर्वक हलता येते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यानंतर शिडी येई. ज्या मुलाची बोटे कोणत्याच वस्तूभोवती मिटत नसत त्याचे हात तिरप्या शिडीच्या दांडीवर ठेवून शिक्षक आपले हात त्यांवर दाबून धरी; पाय आधारावरून सुटले की शरीराचा भार हातांवर येई आणि पडण्याच्या जाणिवेने बोटे आपोआप आवळली जात. पकडणे ही क्रिया समजावून सांगता येत नाही, ती घडवून आणावी लागते, हे या एका योजनेतून दिसते. एक आखूड दांडा शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये ठरावीक लयीत फेकला व झेलला जाई. त्यात डोळा, हात आणि दुसऱ्या माणसाकडे लक्ष देणे या तिन्हींचा सराव एकदम होई. गुडघे दुबळे असलेल्या मुलांसाठी त्यांनी रुंद बैठकीचा एक झोका वापरला, ज्यावर पाय लांब पसरलेले राहत आणि झोका पुढे गेला की तळवे समोरच्या फळीवर आपटून पुन्हा मागे रेटले जात. उभे राहण्याचा भार न पडता पायांना रेटा देण्याची सवय त्यातून लागे. आजच्या भौतिकोपचार केंद्रांत अंशतः भार देऊन पाय बळकट करण्याचे जे व्यायाम दिसतात, त्यांचे तत्त्व हेच आहे.

पॅरिसच्या असाध्य रुग्णांच्या आश्रमात आणि नंतर बिसेत्र इस्पितळात सेगँ यांना मुलांचे वर्ग चालवायला मिळाले, परंतु प्रशासनाशी खटके उडून १८४३ मध्ये त्यांना बिसेत्र सोडावे लागले. पुढच्याच वर्षी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या समितीने त्यांच्या कामाला मान्यता दिली, आणि १८४६ साली त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८४८ च्या क्रांतीनंतरच्या राजकीय घडामोडींत फ्रान्स सोडून ते अमेरिकेला गेले. तेथे १८४८ मध्येच मॅसॅच्युसेट्स राज्यात सॅम्युएल ग्रिडली हाव यांची सरकारी मदतीवर चालणारी प्रायोगिक शाळा आणि हार्वी विल्बर यांची खाजगी शाळा अशा दोन शाळा सुरू झाल्या होत्या, आणि दोन्हींत सेगँ यांच्या व्यायामाला मध्यवर्ती स्थान होते. १८६६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १८७६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एल्विन येथे अशा संस्थांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

परंतु सेगँ यांच्या यशातच एक अडचण दडलेली होती. त्यांनी व्यायामाचे समर्थन बुद्धीच्या नावाने केले होते. त्यामुळे व्यायामाने चालणे सुधारले, जेवण स्वतःच्या हाताने जमू लागले, झोप चांगली लागू लागली, तरी बुद्धी ‘सामान्य’ झाली नाही की प्रयोग फसला असे म्हणायला वाव राहिला. १८७० नंतर नेमके तेच घडत गेले. काही वर्षांत मुलाला घडवून घरी पाठवायचे, या उद्देशाने काढलेल्या शाळा हळूहळू आजन्म मुक्कामाच्या प्रचंड वसाहती झाल्या. शिडी आणि झोका मागे पडले. त्यांच्या जागी पाहुण्यांना दाखवता येणारी सामुदायिक कवायत आली, आणि धडधाकट मुलांच्या वाट्याला शेत, धोबीखाना व स्वयंपाकघर आले. शारीरिक श्रम भरपूर, परंतु खेळ नाही, अशी ती व्यवस्था होती. विसाव्या शतकाच्या आरंभी सुप्रजननवादाने, म्हणजे ‘हीन’ ठरवलेल्या माणसांची संतती रोखून वंश सुधारण्याच्या क्रूर कल्पनेने, तिला वैचारिक आधार पुरवला. मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमापन चाचणी अमेरिकेत आणली ती न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील अशाच संस्थेत, आणि १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बक विरुद्ध बेल या खटल्यात सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. ज्या शरीराला सेगँ यांनी शिक्षणाचे प्रवेशद्वार मानले होते, ते शरीर आता राज्यसंस्थेच्या दृष्टीने केवळ एक धोका उरले.

सेगँ यांचे काम याच काळात एका अनपेक्षित वाटेने जिवंत राहिले, आणि ती वाट महाराष्ट्रापर्यंत येते. रोममधील तरुण डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम केले, आणि त्यासाठी इतार व सेगँ यांचे ग्रंथ त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून भाषांतरित केले. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले तेव्हा तीच साधने त्यांनी सामान्य मुलांसाठी वापरली. आकृतीत आकृती बसवण्याच्या फळ्यांचे मूळ सेगँ यांच्याकडे आहे, तसेच माँटेसरी यांच्या ग्रंथात वर्णन केलेल्या रुंद झोक्याचेही. अंगणातील कुंपणाच्या खालच्या तारेवर पाय ठेवून आणि वरची तार धरून मुले आडवी सरकत जातात, त्यात त्यांना मजा येते आणि आखूड पायांवरचा धडाचा भार हलका होतो, हे पाहून माँटेसरी यांनी तसेच एक लाकडी कुंपण व्यायामासाठी करवून घेतले. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षे येथेच राहिल्या. त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी त्यांची पद्धत उचलली होती. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी स्थानिक, स्वस्त वस्तूंतून साधने घडवून बालवाड्या चालवल्या. महाराष्ट्रातील बालवाडीत खाचेत ठोकळा बसवणारे मूल ज्या परंपरेचा लाभ घेते, ती बिसेत्रमधील उपेक्षित मुलांसाठी निर्माण झाली होती. हे ऋण मराठी शिक्षणविषयक लेखनात क्वचितच नोंदले गेले आहे, आणि ते नोंदले जायला हवे, कारण सामान्य मुलांसाठीचे शिक्षण विशेष मुलांपर्यंत झिरपते हा सर्वसाधारण समज येथे उलटा ठरतो.

दरम्यान हालचाल मोजण्याचे शास्त्र निर्माण होत होते. मॉस्कोमध्ये ओझेरेत्स्की यांनी १९२३ साली कारक क्षमतेची एक चाचणी तयार केली. बिने यांनी ज्याप्रमाणे मानसिक वय ही संकल्पना वापरली, त्याप्रमाणे कोणत्या वयाचे सर्वसाधारण मूल एका पायावर किती वेळ उभे राहते, किती झपाट्याने ठिपके मारते, उडी मारताना टाळी वाजवू शकते की नाही, यावरून मुलाचे ‘कारक वय’ काढण्याची ही रीत होती. तिचे इंग्रजी रूप १९४६ मध्ये आले, विल्यम स्लोन यांनी १९५५ साली तिची ३६ घटकांची सुधारित आवृत्ती केली, आणि १९७८ मध्ये ब्रुइनिंक्स यांनी तिला दिलेले रूप पुढे जगभर रूढ झाले. चाचणीमुळे मुलाची बुद्धी आणि त्याची हालचाल या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासता येऊ लागल्या, हा तिचा मोठा लाभ होय.

विस्कॉन्सिनमध्ये लॉरेन्स रॅरिक आणि रॉबर्ट फ्रान्सिस यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस शाळांतील सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची ताकद, वेग, तोल आणि चपळता मोजली, तेव्हा ती आपल्या वयाच्या मुलांपेक्षा दोन ते चार वर्षे मागे असल्याचे दिसले, आणि कौशल्य जितके गुंतागुंतीचे तितके अंतर जास्त होते. मात्र वाढीची दिशा तीच होती. ही मुले वेगळ्या वाटेने वाढत नव्हती, त्याच वाटेने उशिरा चालत होती. मग हा उशीर कितपत मेंदूमुळे आणि कितपत मैदान न मिळाल्यामुळे, असा प्रश्न उभा राहिला. टोरांटोचे शरीरशिक्षणतज्ज्ञ फ्रँक हेडन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी केलेल्या अभ्यासात ही मुले शारीरिक क्षमतेत इतरांच्या जवळजवळ निम्मीच भरतात असे आढळले, आणि त्याचे मोठे कारण निष्क्रिय जीवन हे आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नियमित व्यायाम दिला की क्षमता वाढते, हेही त्यांनी दाखवले. संस्थांच्या भिंतींआड बाकावर बसून काढलेली वर्षे मुलाच्या प्रकृतीचा भाग समजली जात होती. हेडन यांनी ती त्याच्या परिस्थितीच्या खाती मांडली.

सेगँ यांचा जुना मोह मात्र सुटला नव्हता. इंग्लंडमध्ये जे. एन. ऑलिव्हर यांनी १९५८ मध्ये असे दाखवले, की दहा आठवड्यांच्या कसून व्यायामानंतर मुलांचे केवळ शारीरिक नव्हे तर बौद्धिक चाचण्यांतील गुणही वाढले. त्यांनी स्वतः याचे श्रेय यशाच्या अनुभवाला आणि वाढलेल्या आत्मविश्वासालाही दिले. अमेरिकेत कॉर्डर यांनी १९६६ मध्ये हा प्रश्न अधिक काटेकोरपणे तपासला. त्यांनी एका गटाला व्यायाम दिला, एका गटाला काहीच दिले नाही, आणि तिसऱ्या गटातील मुलांना व्यायाम न देता नोंदी ठेवण्याचे मानाचे काम दिले. व्यायाम करणाऱ्या गटाची बुद्ध्यांकातील वाढ काहीच न मिळालेल्या गटापेक्षा लक्षणीय ठरली, परंतु नोंदी ठेवणाऱ्या मुलांपेक्षा ती तशी ठरली नाही. म्हणजे त्या वाढीतला बराच भाग कोणीतरी दखल घेतल्याचा, जबाबदारी सोपवल्याचा असावा. या लहानशा प्रयोगाचे महत्त्व अनेक मोठ्या प्रकल्पांहून अधिक आहे. याच सुमारास फिलाडेल्फियातील डोमन आणि डेलाकॅटो यांनी मुलाचे हातपाय अनेक माणसांनी धरून रांगण्याच्या ठरावीक हालचाली दिवसातून अनेकदा करवून घेतल्या तर मेंदूची पुनर्रचना होते, असा दावा केला. कितीएक आईबापांनी आपला सगळा दिवस त्यात घालवला. परंतु १९६८ पासून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या व अपंग कल्याणाच्या प्रमुख संघटनांनी या पद्धतीला पुरावा नसल्याचे जाहीर केले. व्यायामाकडून बुद्धीचा चमत्कार मागितला की पदरी निराशा येते आणि दोष आईबापांच्या माथी येतो, हे त्यातून दिसले.

१९६२ च्या उन्हाळ्यात युनिस केनेडी श्रायव्हर यांनी मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे दिवसाचे शिबिर भरवले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या या बहिणीने आपली थोरली बहीण रोझमेरी हिचे आयुष्य १९४१ च्या मेंदूच्या शस्त्रक्रियेने उद्ध्वस्त झालेले पाहिले होते. शिबिरात शाळा-महाविद्यालयांतील तरुण स्वयंसेवक मुलांबरोबर पोहत, चेंडू खेळत, त्यांना घोड्यावर बसवत. तेथे कोणाची बुद्धी वाढवण्याचा संकल्प नव्हता. हेडन यांचे संशोधन, श्रायव्हर यांचा आग्रह आणि शिकागोच्या उद्यान विभागातील शरीरशिक्षिका ॲन मॅकग्लोन बर्क यांनी मांडलेली शहरव्यापी क्रीडामेळ्याची कल्पना यांच्या संयोगातून २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिली स्पेशल ऑलिम्पिक्स स्पर्धा झाली. अमेरिका व कॅनडातून सुमारे एक हजार खेळाडू आले होते. या चळवळीने पुढे जी नियमरचना केली ती तिच्या झेंड्यांहून अधिक लक्षणीय आहे: खेळाडूंचे गट वय, लिंग आणि आधी नोंदलेली प्रत्यक्ष कामगिरी पाहून असे पाडले जातात, की जवळपास सारख्या क्षमतेचेच खेळाडू एकमेकांसमोर उभे राहतात. त्यामुळे पन्नास मीटर चालत जाणाऱ्या मुलालाही खरी चुरस अनुभवता येते. शर्यत म्हटली की शेवटून पहिला येणे एवढेच ज्याच्या वाट्याला आले होते, त्याच्यासाठी हा बदल मूलभूत होता.

खेळ आला तशी शरीराची नेमकी ओळखही आवश्यक झाली. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली वर्णन केलेल्या आणि १९५९ मध्ये जेरोम लेजून यांच्या संशोधनातून एकविसाव्या गुणसूत्राच्या जादा प्रतीशी जोडल्या गेलेल्या डाउन सिंड्रोममध्ये स्नायूंचा ताण मुळात कमी असतो आणि सांध्यांचे बंध सैल असतात. म्हणून ही मुले उशिरा चालतात, पाय फाकून तोल सांभाळतात. शिवाय त्यांच्यापैकी अनेकांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. काहींच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमध्ये अस्थिरता असल्यामुळे कोलांटी, डोक्यावर भार येणाऱ्या उड्या, सूर मारणे यांपासून इजेचा धोका संभवतो, हे ध्यानात घेऊन स्पेशल ऑलिम्पिक्सने १९८३ मध्ये अशा खेळाडूंच्या मानेचे क्ष-किरण चित्र बंधनकारक केले. पुढे त्या एका चित्राच्या उपयुक्ततेबद्दल वैद्यकीय मत बदलले. परंतु सरसकट मनाई करण्याऐवजी कोणती हालचाल कोणाला धोक्याची हे पाहण्याची सवय तेव्हापासून रुजली. दयेपोटी मुलाला बसवून ठेवणे आणि अज्ञानापोटी त्याला उड्या मारायला लावणे, या दोन्ही टोकांना या सवयीने लगाम घातला.

महाराष्ट्रात या क्षेत्रातील संस्थात्मक कामाचा एक महत्त्वाचा आरंभ १९४४ साली झाला, जेव्हा मुंबईतील जय वकील आणि त्यांचे पती यांनी आपल्या दीना या मुलीला कोणतीही शाळा घेत नाही म्हणून घरीच शाळा काढली. तीच पुढे शिवडीची जय वकील संस्था झाली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोशी यांनी ‘कामायनी’ सुरू केली. अशा शाळांत मेणबत्त्या, पाकिटे, शिवण, सुतारकाम यांच्या कार्यशाळा प्रारंभापासून महत्त्वाच्या राहिल्या, आणि त्यांनी मुलांच्या बोटांना खरे कसब दिले. मात्र धावण्यासाठी मोकळी जागा शहरातील शाळेला मिळवणे जिकिरीचे असते, म्हणून सूक्ष्म कारक कौशल्यांकडे जितके लक्ष गेले तितके स्थूल कारक कौशल्यांकडे गेले नाही. १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे या विषयाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्यावर प्रशिक्षणाला चौकट मिळाली, आणि २००१ पासून स्पेशल ऑलिम्पिक्स भारतच्या नावाने राज्या-राज्यांतील स्पर्धा सुरू झाल्या, तसे विशेष शाळांच्या वार्षिक नियोजनात मैदानी सराव स्पर्धेच्या निमित्ताने का होईना येऊ लागला.

या इतिहासातला ताजा दस्तऐवज म्हणजे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा. त्याच्या सोळाव्या कलमात, सरकारी आणि सरकारमान्य शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा असे ज्या उपकलमात म्हटले आहे, त्याच उपकलमात त्यांना इतरांच्या बरोबरीने शिक्षणाची तसेच खेळ व करमणुकीची संधी द्यावी असेही म्हटले आहे. तिसावे कलम तर स्वतंत्रपणे क्रीडाविषयक आहे. खेळाने या मुलांची बुद्धी वाढते किंवा ती कामाला उपयोगी पडतात, असे कोणतेही कारण तेथे दिलेले नाही. सर्वसाधारण शाळेत प्रवेश मिळालेल्या अशा मुलाला शारीरिक शिक्षणाच्या तासाला वर्गातच बसवून ठेवणे किंवा त्याच्याकडे फक्त दप्तरे राखण्याचे काम देणे, हे या उपकलमाचे सरळ उल्लंघन ठरते, आणि मुख्याध्यापकांनी वेळापत्रक आखताना ते तसे समजावे इतके त्याचे शब्द स्पष्ट आहेत.